त्या डिसेंबरात तुम्हाला वर का येऊ दिलं नाही

मागच्या आठवड्यात फोन ठेवता ठेवता थोरलीने विचारलं, "आजी, त्या डिसेंबरात तू आम्हाला वर का नाही येऊ दिलंस? धाकटीला नुसती सर्दी तर होती." तिचा आवाज साधाच होता, पण इतकी वर्षं हा प्रश्न तिच्या मनात होता हे मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, "सांगेन सवडीने." फोनवर मला जमलं नसतं. लिहिताना मधेच थांबता येतं, उठून पाणी पिऊन येता येतं. म्हणून लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. तुम्हाला वर येऊ द्यायचं नाही हे मी ठरवलं नव्हतं. ते तुमच्या मामाने ठरवलं होतं. आणि मी ठरवलं असं तुम्हाला सांगायचं, हेही त्यानेच ठरवलं होतं.

तुम्हाला डोंबिवलीच्या थंडीचं हसू येतं, ते मला ठाऊक आहे. तुमच्याकडे गाड्या बर्फात गाडल्या जातात आणि इथे पहाटे जरा गार वारा सुटला की सगळे कानटोप्या काढून बसतात. पण मामाची थंडी वेगळी होती. त्याचा आजार स्नायू हळूहळू दुबळे होत जाण्याचा. लहानपणी तो पळताना पडायला लागला, मग जिने गेले, मग चालणं गेलं. कॉलेजात तो चाकाच्या खुर्चीतूनच गेला. पुढे हात गेले, म्हणजे बोटं तेवढी राहिली. त्या बोटांवर तो संगणकावरून दहावीच्या मुलांना गणित शिकवायचा आणि विजेच्या खुर्चीची दांडी ढकलत घरभर फिरायचा. थंडीच्या दिवसांत सकाळी ती बोटंही आखडायची. मी त्याचे दोन्ही हात माझ्या तळहातांत धरून बसायचे. चहाचा कप समोर निवायचा, तेव्हा कुठे एकेक बोट सुटं व्हायचं. तो म्हणायचा, "आई, इंजिन तापलं. सोड आता."

सगळ्यांत शेवटी आजार छातीत आला. खोकायलासुद्धा ताकद लागते हे आपल्याला माहीत नसतं. आपली सर्दी नाकातून वाहून जाते. त्याची सर्दी छातीत उतरायची आणि तिथेच बसून राहायची. मग मी त्याच्या बरगड्यांखाली दोन्ही हात ठेवायचे, तो श्वास घ्यायचा, डोळ्यांनी खूण करायचा आणि आम्ही दोघं मिळून एक खोकला काढायचो. त्याचा खोकला, माझा जोर. हे मला आमच्या मंडळात शिकवलं.

मंडळ म्हणजे काही मोठी संस्था नव्हे. आपल्या भागातली अपंग माणसं आणि त्यांच्या घरचे, असे आम्ही काही जण महिन्यातून एकदा एका शाळेच्या तळमजल्यावरच्या वर्गात जमायचो. त्या दिवशी मामाला चार जण खुर्चीसकट उचलून आमचा जिना उतरवायचे. बाकं भिंतीला सरकवायची, खुर्च्या फिरतील एवढी जागा करायची, नंतर चहा आणि कोणीतरी आणलेले पोहे. कल्याणहून येणारे होते, शहाडहून एक जोडपं रिक्षात खुर्ची बांधून यायचं. दिवाळी झाली की नोव्हेंबरातली बैठक फक्त थंडीसाठी असे. व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई यायच्या. त्या सांगायच्या, गरम पाण्याची पिशवी बधिर पायांना थेट लावू नका, त्यांना चटका कळत नाही आणि सकाळी फोड दिसतो. बंद खोलीत शेगडी नको. देवाला सांगा, महिनाभर धूप-उदबत्ती माफ कर. खिडक्या पहाटेच्या धुरकटात उघडू नका, दुपारी उघडा. कोरडा केर काढू नका, फरशी ओल्या फडक्याने पुसा. पाठीखाली उशा देऊन जरा उंच झोपवा. लस घ्या. मला हे सगळं आवडायचं. नियम दिले की मी पाळते, माझा स्वभावच तो.

त्या वर्षीच्या बैठकीत बाई शेवटी म्हणाल्या, "आणि सर्दी-खोकला झालेला माणूस दारातच थांबवायचा. कोणीही असो. तोंडावर सांगायचं."

वर्गात हशा पिकला.

"तोंडावर? आमच्या नणंदेला?" एका मुलाची आई म्हणाली. "तुम्हीच या बाई एकदा सांगायला. मी आत लपते."

"माझ्याकडे येणाऱ्या कोणाला सर्दी नसतेच," खुर्चीतले एक आजोबा म्हणाले. "'ॲलर्जी आहे हो नुसती' म्हणतात आणि माझ्या मांडीवर शिंकतात."

"आमच्या शेजारच्या काकू तर ओव्याची पुरचुंडी घेऊन आल्या छाती शेकायला. खोकत खोकत! म्हणे मला लागू पडली, याला पण पडेल."

मामा हळू बोलायचा, त्यामुळे तो बोलायला लागला की सगळे गप्प व्हायचे. तो म्हणाला, "सोपं आहे. दारावर पाटी लावायची, 'आत गणपतीची वर्गणी घेतली जाईल'. डोंबिवलीत कोणी फिरकणार नाही."

सगळे हसले. पण खरं तेच होतं, की आपल्याकडे दारातून परत पाठवणं कोणाला जमत नाही. "बरं नाही असं कळलं म्हणून आले" असं म्हणत माणूस चप्पल काढून आत येतो, आणि त्याला 'तुम्ही खोकताय' असं म्हणणारी जीभ आपल्याला कोणी दिलेली नाही.

त्याच बैठकीत चहाच्या वेळी एक मुलगी आली. कॉलेजात शिकणारी असेल. तिचे वडील आमच्यातलेच, खुर्चीत असायचे, आदल्या थंडीत गेले होते. त्यांची हवेची गादी ती मंडळाला द्यायला आली होती, दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल म्हणून. गादी तिने धुऊन, वाळवून, घडी घालून आणली होती. मामाने तिला पाणी दे म्हणून मला खुणावलं. ती बसली, आणि कोणी काही विचारलं नव्हतं तरी म्हणाली, "माझ्यामुळे झालं. मला ताप होता, तरी मी बाबांना जेवण भरवलं. आत्या सांगते सगळ्यांना, हिनेच कॉलेजातून आणलं."

मी म्हटलं, "असं नसतं बाळ. कोणाकडून आलं हे कोणालाच सांगता येत नाही."

"हो," ती म्हणाली, "डॉक्टर पण तेच म्हणाले." पण तिने मान वर केली नाही. पाण्याचा पेला तसाच ठेवून ती गेली.

घरी येताना मामा काही बोलला नाही. मला वाटलं, दमला असेल.

आणि मग तुमची आई म्हणाली की डिसेंबरात तुम्ही येताय. त्या बातमीने घर कसं फिरलं ते तुम्हाला काय सांगू. मामाने सुट्टीतले शिकवणीचे सगळे तास आधीच उरकून टाकले. थोरले, तू मागच्या खेपेला तीन-चार वर्षांची होतीस, त्याच्या मांडीवर बसून तू त्या खुर्चीतून स्वयंपाकघर ते गॅलरी अशा फेऱ्या मारायचीस आणि प्रत्येक दाराशी "स्टेशन!" म्हणून ओरडायचीस. धाकटी तेव्हा पाळण्यात होती. तिने तुझी ही गोष्ट ऐकलेली, म्हणून व्हिडिओवर रोज तिचं एकच, "मामा, माझा टर्न पहिला." मामा म्हणायचा, "तुझाच. तिला आता मी उचलूच शकत नाही, म्हैस झाली आहे ती." मग तू मागून किंचाळायचीस. खुर्चीच्या चाकांना त्याने माझ्याकडून तेल घालून घेतलं. दांडीला नवं रबर बसवलं. एवढ्या आनंदात मी त्याला बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

तुम्ही आलात ते घोडबंदर रोडला, तुमच्या दुसऱ्या आजी-आजोबांकडे. ठरलं होतं की दोन दिवस तिथे झोप पुरी करायची आणि मग आमच्याकडे यायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या आईचा फोन आला. मागे धाकटी शिंकत होती.

"विमानातली हवा, आणि इथली धूळ," आई म्हणाली. "विशेष काही नाही. उद्या येतोच."

फोन स्पीकरवर होता. मी मामाकडे पाहिलं. तो म्हणाला, "ताई, तुला नंतर करतो," आणि मला म्हणाला, "ठेव."

मला वाटलं त्याला भीती वाटतेय. मी म्हटलं, "मास्क लावू. लांब बसवू. खिडक्या उघड्या ठेवू. थोडा वेळच येऊ दे."

"लांब बसवशील? तिला?" तो म्हणाला. "ती आली की थेट मांडीवर चढणार. आणि मी नाही म्हणणार नाही. मला माहितेय ना, मी नाही म्हणणार नाही."

"मग चढू दे," मी म्हटलं.

हो, मी म्हटलं. तुमची शिस्तीची आजी, जिने तुम्हाला हात न धुता कधी बिस्किटसुद्धा घेऊ दिलं नाही, तिने म्हटलं. कारण मला त्याचं तोंड दिसत होतं. नियम मला पाठ होते, पण तो गेले कित्येक दिवस कशासाठी जगत होता तेही माहीत होतं.

तो म्हणाला, "मला झालं तर झालं गं. माझं आज ना उद्या आहेच. पण ती केवढीशी आहे. मोठी होईल. मग कुठल्या तरी लग्नात, कुठल्या तरी बारशात एखादी मावशी बोलून जाईल, 'तुझीच सर्दी लागली होती हो मामाला.' आपल्याकडची माणसं वाईट नसतात, पण बोलतात. ती गादी आणणारी मुलगी पाहिलीस ना तू?"

"तिच्या आत्याला अक्कल नाही."

"आत्या सगळीकडे असतात," तो म्हणाला. "आपल्याकडे तर भरपूर आहेत."

मी म्हटलं, मग तूच फोन कर आणि सांग. तर म्हणाला, "मी सांगितलं तर तिला वाटेल मामाला ती नको आहे. किंवा तिच्यात काहीतरी वाईट आहे म्हणून मामा घाबरला. तू सांग. तुझं काय, तुझे नियम सगळ्यांना माहीत आहेत. आजी कडक आहे एवढंच वाटेल. आजीवर रागावलं तर चालतं, आजीवरचा राग जातो."

मी भांडले त्याच्याशी. दुपारभर भांडले. त्याची जेवणाची वेळ टळून गेली तरी आमचं चालू होतं. शेवटी तो दमला, त्याला धाप लागली, आणि मी गप्प झाले. त्याच्याशी भांडण जिंकणं नेहमीच सोपं होतं, त्याचा श्वास आधी संपायचा. म्हणूनच मी ते कधी जिंकलं नाही.

मी फोन केला. म्हटलं, सर्दी पूर्ण जाईपर्यंत मुलींना वर आणायचं नाही. तुमची आई आधी हसली, मग तिला कळलं की मी खरंच म्हणतेय.

"आई, तुझी शिस्त पुरे गं आता! आम्ही अर्धं जग ओलांडून आलो ते काय तुझी नियमावली वाचायला? त्याला तरी विचारलंस का?"

तो समोरच बसला होता. मी म्हटलं, "त्याला काय विचारायचं? मी सांगतेय ना."

त्याने डोळे मिटून घेतले.

पुढचं तुम्हाला आठवत असेल. तुम्ही आलात, तासन्‌तास गाडीत अडकून, आणि आमच्या इमारतीच्या खाली उभ्या राहिलात. मामा पहिल्या मजल्याच्या गॅलरीत, ग्रिलच्या आत, स्वेटर, शाल, कानटोपी घालून. त्याला ओरडता येत नव्हतं, म्हणून तो वरून फोनवर बोलत होता आणि तुम्ही खालून, एकमेकांकडे बघत. धाकटीचं नाक वाहत होतं आणि ती ते बाहीला पुसत होती. अर्ध्या बाह्यांचा फ्रॉक, म्हणून प्रत्येक वेळी तिला नाक खांद्यापर्यंत न्यावं लागायचं.

"मामा, तू खाली ये ना."

"जिन्याला माझी खुर्ची आवडत नाही."

"मग मी वर येते. आजी झोपली की मी गुपचूप येते."

"आजी झोपत नाही. आजी घुबड आहे."

धाकटी हसली आणि मग लगेच रडायला लागली. थोरलीने वर माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या मागे उभी होते, त्याच्या खांद्यांवर हात ठेवून. ती नजर मी विसरलेले नाही. तिथून ओरडून सांगावंसं वाटलं. मामाचे डोळे वाहत होते, आणि त्याला ते स्वतः पुसता येत नव्हते. ते मी शालीच्या टोकाने पुसले. खालून तुम्हाला वाटलं असेल मी त्याची शाल नीट करतेय.

धाकटीची सर्दी गेली तेव्हा थोरलीला झाली. भावंडांचं असंच असतं. ती जरा बरी होतेय म्हणेपर्यंत तुमचं परतीचं विमान आलं. तुमची आई दोनदा एकटी वर आली, तोंडाला मास्क बांधून, खोलीच्या उंबऱ्यात स्टुलावर बसली. बहीणभाऊ लहानपणीच्या गोष्टी बोलत होते. मी चहा आणला तर तिने माझ्याकडे न बघता कप घेतला. स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "तुला एकदाही वाटलं नाही का, आई, की नियमापेक्षा माणूस मोठा असतो?" मी गॅस बारीक केला. दुसरं काय करणार होते? आत तो ऐकत होता.

थंडी गेली. जानेवारी त्याला चांगला गेला, संक्रांतीला मी दारातूनच तिळगूळ दिला-घेतला, लोक नाराज झाले तर होऊ दिलं. आणि फेब्रुवारीत, पंखे लावायचे दिवस आले तेव्हा, मामाला साधी सर्दी झाली. कुठून आली कोणास ठाऊक. त्याला उचलायला येणाऱ्या मावशींकडून, गॅसवाल्याकडून, माझ्याकडूनही असेल. दोन दिवस आम्ही मिळून खोकलो. मग त्याने खूण करायची सोडली, नुसता माझ्याकडे बघत राहिला. कल्याणच्या हॉस्पिटलात त्याच्या नाकातोंडावर नळीचा मुखवटा होता, म्हणून बोलणं झालं नाही. हात गार होते. ते मी तळहातांत धरून बसले. या वेळी ते तापले नाहीत.

दिवसकार्याला माणसं आली. सतरंजीवर सगळ्या बायका बसल्या होत्या, आणि माझ्या एका चुलत जावेने, प्रेमानेच, माझ्या पाठीवरून हात फिरवत विचारलं, "मुली येऊन गेल्या होत्या ना गं डिसेंबरात? धाकटी आजारी होती म्हणे. परदेशातलं काही असतं बाई, आपल्याला इथे कळत नाही."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

मी म्हटलं, "त्या वर आल्याच नाहीत. खालूनच गेल्या."

"वर नाही आल्या?"

"नाही. एकदाही नाही. मीच येऊ दिलं नाही."

"मामाला न भेटताच?" कोणीतरी म्हणालं. मग कुजबूज झाली ती माझ्याविषयी, की किती कठोर बाई. ती मी ऐकून घेतली. तुमचं नाव त्यानंतर कोणी काढलं नाही, आजपर्यंत नाही.

तो बरोबर होता, हे मला त्या सतरंजीवर कळलं. तरी मला त्याचा राग येतो. अजून येतो, भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना. मी त्याला म्हणते, अरे, तुला दोन महिने होते. दोन महिन्यांसाठी तू त्या पोरीला मांडीवर घेतलं नाहीस. मी आत्यांना बघून घेतलं असतं. एकेकीला बघून घेतलं असतं. पण मेलेल्या मुलाशी भांडण कसं संपवायचं ते मला कोणी शिकवलेलं नाही.

तुमच्या आईला यातलं काहीच माहीत नाही. तो असताना त्याने बोलू दिलं नाही, आणि तो गेल्यावर तिला हे सांगणं म्हणजे तिच्या दुःखावर आणखी एक ठेवणं, असं वाटून मी गप्प राहिले. ती दर रविवारी फोन करते, माझी औषधं विचारते, सगळं नीट करते. पण त्या डिसेंबरापासून ती माझ्याशी जपून बोलते, परक्या घरी बोलतात तसं. तिने माझ्यावर रागावावं हे तिच्या भावाने ठरवलं होतं, आणि आजीवरचा राग जातो असं तो म्हणाला होता. मुलीचा आईवरचा राग जातो की नाही, हे त्याने विचारात घेतलं नव्हतं.

तुम्हाला मराठी वाचता येत नाही, म्हणजे हे तीच तुम्हाला वाचून दाखवणार. या ओळींपर्यंत येताना ती मधे थांबली असेल. तिला घाई करू नका. दोघी तिच्या दोन बाजूंना बसा.